चक्कर येऊन पडल्यावर

सांडोर गावच्या वाडीत वैशाखात ओणव्याने भाजी खुडणारी बाई झटकन उभी राहते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती कोसळते. उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं. घामाने अंगातलं पाणी आटलेलं असेल, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं.

अशा वेळी जमलेली माणसं तिला उचलून बसवतात, तोंडात पाणी ओततात. कृपा करून असं करू नका. सावलीत आडवंच ठेवा, पाय उशीभर उंच करा. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच घोट घोट पाणी किंवा ताक द्या. मीठ-साखरेच्या पाण्याने बरं वाटतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. उठवताना आधी बसवा, दोन-तीन मिनिटांनी उभं करा.

नंतर दवाखान्यात रक्तदाब झोपवून आणि उभं करून, असा दोन्ही वेळा मोजून घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरला, तर कारण शोधायला हवं. बऱ्याचदा ते बीपीच्या गोळीतच सापडतं. पण गोळी परस्पर बंद करू नका. छातीत दुखणं, धडधड, काळी शौच किंवा गरोदरपण असेल, तर थेट 108 ला फोन करा.