धाग्याचा पीळ

बुलढाणा जिल्हा हा कापसाचा मुलूख. सुताला पीळ दिल्यावाचून दोरी होत नाही, हे येथील मुलांना सांगावयास नको. एक दुपदरी दोरी घ्या. तिचे एक टोक खुंटीला बांधा आणि दुसऱ्या टोकाचे दोन्ही पदर ओढून वेगळे करू लागा. उरलेल्या भागातील पीळ घट्ट होत जातो आणि अखेर पदर सुटेनासे होतात. हीच अडचण रोगजंतूंपुढेही उभी राहते.

प्रत्येक जंतूच्या पोटात डी. एन. ए. नावाचा दुपदरी, पिळदार धागा असतो. जंतूची घडण कशी असावी, याची सारी माहिती त्यात साठविलेली असते. आपल्या आतड्यातील एका जंतूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दुप्पट; परंतु त्याचा धागा उलगडला, तर तो सुमारे दीड मिलिमीटर भरतो! शिवाय तो कड्यासारखा बंद असल्यामुळे त्याचा पीळ आपोआप सुटत नाही. एका जंतूचे दोन होताना या धाग्याचे पदर सोडवून त्यांची नक्कल करावी लागते. त्या वेळी वाढलेला पीळ उतरविण्याचे काम गायरेज नावाचे विकर करते. ते धागा कापते, त्या फटीतून धाग्याचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते.

१९६२ साली अमेरिकेत जॉर्ज लेशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅलिडिक्सिक आम्ल हे औषध जगापुढे मांडले. हिवतापावरील क्लोरोक्विन तयार करताना निपजलेल्या एका दुय्यम पदार्थावरून त्यांना त्याचा माग लागला होता. ते जंतूंना कसे मारते, हे कोडे मात्र १९७७ साली उलगडले. हे औषध गायरेजला धागा कापलेल्या अवस्थेतच जखडून टाकते. टोके जुळत नाहीत आणि जंतू मरतो. मनुष्याच्या पेशींतील अशाच विकराची घडण निराळी असते. म्हणून औषधाच्या योग्य मात्रेचा घाव जंतूवर बसतो, आपल्यावर नाही.

परंतु लाखो जंतूंत एखाद्याचे गायरेज थोडे वेगळे निपजते. औषधाने बाकीचे मरतात, हा मात्र उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. काही जंतू तर पोटात शिरलेले औषध बाहेर फेकून देतात. अशा वेळी जुने औषध निकामी होते व नवे शोधावे लागते. बुलढाण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या छत्रपती संभाजीनगर येथे वोक्हार्ट कंपनीच्या संशोधनकेंद्राने असेच लेव्होनाडिफ्लॉक्सासिन हे औषध विकसित केले. त्वचेच्या गंभीर जंतुविकारांसाठी त्याला भारतात २०२० साली मान्यता मिळाली. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या कित्येक जंतूंवरही ते चालते.

एक औषध घडविण्यात संशोधकांची वर्षानुवर्षे खर्ची पडतात. ते निकामी करावयास आपला निष्काळजीपणा पुरेसा होतो. पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ही औषधे मुळीच चालत नाहीत. तेव्हा कोनाड्यात उरलेली गोळी आपल्याच मनाने घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितलेल्या मात्रेत आणि तितकेच दिवस घ्या. आज वाचविलेले औषध उद्या कुणाचा तरी प्राण वाचवील.