अभ्यास गटात चर्चा, ग्रामसभेत निर्णय

आदिवासी तरुणांना नेतृत्व शिकवणाऱ्या उपक्रमांची आज वानवा नाही. सरकारी योजना आहेत, स्वयंसेवी संस्थांची शिबिरं आहेत, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे अभ्यासक्रम आहेत. बहुतेकांचा साचा एकच असतो. गावातला बोलका, दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी हेरायची, जिल्ह्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी नेऊन कायदे, भाषणकला आणि अर्ज लिहिण्याची रीत शिकवायची आणि प्रमाणपत्र देऊन परत पाठवायचं. यातला हेतू चांगलाच असतो. पण यात शिकतो तो एकटा माणूस. ज्या गावाच्या वतीने त्याने बोलायचं, ते गाव होतं तिथेच राहतं. परत आलेल्या तरुणाला गावापेक्षा जास्त कळतं, गावाला त्याच्या कामाची पारख करता येत नाही आणि या अंतरातूनच पुढारी जन्माला येतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने गेल्या साडेतीन दशकांत वेगळी वाट पाडली. त्या वाटेला कुणी नेतृत्व-प्रशिक्षण म्हटलं नाही, तरी महाराष्ट्रात आदिवासी कार्यकर्ते घडवण्याचा इतका विचारपूर्वक झालेला प्रयोग क्वचितच सापडेल.

मेंढा हे सुमारे शंभर घरांचं गोंडांचं गाव. 1980च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या नियोजित धरणांविरुद्ध ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ आंदोलन उभं राहिलं. त्यात आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे होते आणि मेंढ्याचे देवाजी तोफाही होते. आंदोलन ओसरल्यावर नेहमी सगळं थंडावतं, तसं इथे झालं नाही. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल 1987 साली एक प्रश्न घेऊन या भागात फिरत होते: सगळे मिळून, सर्वसहमतीने निर्णय घेणारं गाव आज असू शकतं का? जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या आणि विनोबांचा विचार पचवलेल्या या माणसाने गावाला कार्यक्रम दिला नाही. गावाबरोबर बसून अभ्यास करायचा, एवढंच त्यांनी मागितलं. त्या बसण्यातून अभ्यास गट उभा राहिला. ‘दिल्ली-मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार’ ही घोषणा गावाबाहेर जास्त गाजली. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असा तिचा अर्थ. पण गावात आम्ही सरकार म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर घोषणेत नव्हतं. ते अभ्यास गटात शोधलं गेलं.

या गटाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्याला विषयात रस आहे तो येतो. सक्ती नाही, पद नाही, निवडणूक नाही. बाहेरचा जाणकार बोलावता येतो. मग तो वकील असो, वनाधिकारी असो किंवा मधमाश्यांचा अभ्यासक. त्याने माहिती द्यायची, शंकांना उत्तरं द्यायची. मात्र गटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा येत राहतो. आणखी एक गोष्ट: बाहेरच्या मित्राला अभ्यासात जागा आहे, निर्णयात नाही. वरवर साध्या दिसणाऱ्या या विभागणीत मोठं शहाणपण आहे. जिथे चर्चा आणि निर्णय एकाच बैठकीत उरकतात, तिथे ज्याला जास्त माहीत तोच निर्णय घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. इथे जाणत्याला आपलं ज्ञान आधी वाटावं लागतं आणि मग इतरांच्या होकाराची वाट पाहावी लागते. तरुण कार्यकर्त्याला याहून कठोर शिक्षण नाही. भाषण करून टाळ्या घेता येतात. न पटलेल्या शेजाऱ्याकडे पुन्हा जाऊन त्याचं ऐकणं ही वेगळी कमाई आहे. आग्या मोहोळाचा मध काढण्याची जुनी रीत जाळ करून माश्या मारण्याची होती. माश्या न मारता, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा काढण्याची पद्धत गावकरी या अभ्यासातूनच शिकले. दारूबंदीही अशीच आली. दारू देवकार्यात लागते, मग बंदी कशी आणि कुठवर, हे स्त्री-पुरुषांनी घोळून घोळून ठरवलं. म्हणून ती गावाला आपली वाटली.

अशा एकत्र बसण्याला परंपरेत आधार होता. गोटुल ही गोंड समाजातली तरुणांची संस्था. नाच-गाणी तिथे होतीच. शिवाय गावकामाचं शिक्षण आणि वडीलधाऱ्यांची बैठकही तिथेच. व्हेरिअर एल्विन यांनी 1947 साली बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला, पण बाहेरच्या जगाने त्यातली चवीची बाजू तेवढी उचलली आणि पुढे बाहेरच्यांच्या टिंगलीने अनेक गावांत गोटुल ओस पडली. मेंढ्याने ती पुन्हा उभारायची ठरवली आणि रिवाजाप्रमाणे जंगलातलं सागवान आणलं. वनखात्याने ती बेकायदा ठरवून मोडली. तेव्हा आसपासच्या गावांनीही गोटुलं बांधायला घेतली आणि खात्याला माघार घ्यावी लागली. जंगल कुणाचं, हा प्रश्न तिथल्या तरुणांच्या पुढ्यात असा उभा राहिला. वर्गात शिकवण्यापुरता तो राहिला नाही.

या शिक्षणाची खरी कसोटी वनहक्क कायद्याने पाहिली. 2006 साली कायदा झाला, 2008 साली नियम आले आणि 15 ऑगस्ट 2009 रोजी मेंढा आणि शेजारच्या मारडा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला आलं ते सुमारे 1,800 हेक्टर जंगल. देशात असे हक्क मिळवणारी ही पहिली गावं मानली जातात. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज मानतो, तर 1927च्या वन कायद्याच्या आधारे खातं त्याला झाड म्हणत होतं आणि वाहतूक परवाना देत नव्हतं. इथे एखाद्या पुढाऱ्याने मंत्रालयात खेटे घातले असते आणि जमलं तर श्रेय घेतलं असतं. मेंढ्यात कलम कलम वाचलेली माणसं एक-दोन नव्हती. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. परवाना देण्याचा अधिकार खात्याकडून गावाच्या सभेकडे आला. पुढे 2013 साली गावाने 1964च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचं पाऊल उचललं. स्वतःच्या जमिनीवरची मालकी सोडायला माणूस भाषण ऐकून तयार होत नाही. त्याआधी वर्षानुवर्षांचा परस्परविश्वास लागतो.

शिबिरांचा मार्ग निष्फळ असतो, असा याचा अर्थ काढू नये. 1970च्या दशकात शहाद्याच्या श्रमिक संघटनेने शिबिरांतूनच भिल्ल तरुण-तरुणींची मोठी फळी उभी केली. अंबरसिंग सुरतवंतींसारखा त्याच मातीतला नेता तिथे आधीपासून झटत होता. शहरांतून गेलेले तरुण त्याला येऊन मिळाले, गावोगाव तरुण मंडळं झाली, बायकांनी दारूची मडकी फोडली. मजुरी आणि बळकावलेल्या जमिनी यांचे लढे तातडीचे होते. तिथे एकमताची वाट पाहत बसायला सवड नव्हती. तरीही त्याच चळवळीत घडलेल्या वाहरू सोनवणे यांना ‘स्टेज’ ही कविता लिहावी लागली. आपलं दुःख दुसरेच मंचावरून आपल्याला सांगतात, ही तिच्यातली वेदना. प्रेमाने आणि त्यागाने आलेल्या मित्रांच्या चळवळीतही मंच कुणाचा, हा प्रश्न सुटला नव्हता. मेंढ्याची विभागणी या प्रश्नाला सरळ भिडते, म्हणून मला ती मोलाची वाटते.

मेंढा अपवाद आहे, हा आक्षेप हमखास येतो. लहान गाव, एकच समाज, वर तोफा आणि हिराबाई हिरालाल यांच्यासारखी चिकाटीची माणसं. हे सगळीकडे कुठून आणायचं? माणसांची नक्कल होत नाही, हे खरंच. पण लहानपण ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996च्या पेसा कायद्यानुसार महाराष्ट्राने 2014 साली केलेल्या नियमांप्रमाणे पाडा किंवा वस्तीसुद्धा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकते आणि स्वतःची ग्रामसभा चालवू शकते. समोरासमोर बसता येईल एवढी सभा आता कायद्यानेच शक्य केली आहे. त्याच जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. मेंढ्याची हुबेहूब प्रत तिथे कुणी काढली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यातले मोजके आठवडे चालतो. तेवढ्यात लिलाव, करारनामा, अनामत, मजुरांचा हिशेब आणि कर हे सगळं उरकावं लागतं. खाणीचा किंवा धरणाचा प्रस्ताव आला तर मुदतीत हरकत नोंदवावी लागते. इथे तज्ज्ञ लागतोच, आणि गावातली पोरं बाहेर जाऊन वकिली, लेखापरीक्षण, नकाशे करणं शिकली तर उत्तमच. माझं म्हणणं एवढंच, की त्यांना पाठवणारी ग्रामसभा असावी आणि शिकलेलं त्यांनी अभ्यास गटात उलगडून मांडावं. तेंदूचा हिशेब एकट्या सचिवालाच कळत असेल, तर जुन्या ठेकेदाराच्या जागी नवा दलाल आला असं समजावं. मग तो आपल्याच कुळाचा असला तरी.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. एकमत म्हणजे पुष्कळदा दुबळ्यांचं मौन असतं. पारंपरिक पंचांत बायकांना जागा नव्हती. वयाने लहान, विधवा किंवा दुसऱ्या समाजाचा माणूस सभेत विरोध करायला धजत नाही. सर्वसहमतीचा नियम हे आपोआप दुरुस्त करत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. म्हणून कायद्याचे आकडे उपयोगी पडतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वनहक्क समितीतही एक तृतीयांश स्त्रिया असतात. कोरचीत प्रत्येक ग्रामसभेने महाग्रामसभेवर दोन स्त्रिया आणि दोन पुरुष पाठवायची रीत घातली, ती बचत गटांतून आणि दारूविरोधी कामातून पुढे आलेल्या बायकांनी आग्रह धरला म्हणून. हा आग्रह धरायची ताकद कमवायला त्यांना आधी आपल्या वेगळ्या बैठकी घ्याव्या लागल्या. अभ्यास गट एकच असावा असं नाही. जे सगळ्यांसमोर बोलू शकत नाहीत त्यांचा वेगळा गट हवा, आणि बाहेरचे प्रशिक्षक सर्वात उपयोगी पडतील ते इथेच.

गावाच्या सभेतून आलेला कार्यकर्ता गावापुरताच उरतो, ही शंकाही टिकत नाही. 2017च्या गडचिरोली जिल्हा परिषद निवडणुकीत लालसू नोगोटी आणि सैनू गोटा हे ग्रामसभांच्या पाठिंब्यावर निवडून आले. नोगोटी हे माडिया समाजातले वकील. बाहेर शिकून परतलेले. बाहेरचं शिक्षण आणि गावाची सभा एकत्र आल्यावर काय होतं, ते यातून दिसलं. मोठे पक्ष बाजूला ठेवून उमेदवार ठरवण्याची ताकद सभांकडे आली ती त्याआधीची कित्येक वर्षं वनहक्कांच्या आणि खाणींच्या प्रश्नांवर एकत्र बसल्यामुळे.

तेव्हा प्रशिक्षणासाठी पैसा देणाऱ्यांनी आपल्या अटी बदलायला हव्यात. किती तरुणांना प्रमाणपत्र दिलं, याऐवजी किती ग्रामसभांचा हिशेब चौघा-पाचजणांना वाचता येतो, हे विचारावं. शिबिराचं सभागृह आणि जेवण यांवरचा खर्च थोडा कमी करून गावातल्या बैठकीसाठी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई द्यावी, कारण रोजगार सोडून बसणं बाईमाणसाला सगळ्यात महाग पडतं. शिकवण्याची भाषा गोंडी, माडिया, भिलोरी अशी जिथली तिथली असावी. आणि मुदत किमान तीन-चार वर्षांची ठेवावी. मेंढ्याला पहिल्या बैठकीपासून हक्काच्या कागदापर्यंत 22 वर्षं लागली होती.