अंगमेहनत, व्यायाम आणि आजारपणाची रजा

पाठदुखीसाठी रजेचे प्रमाणपत्र मागायला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दोन प्रकारची माणसे येतात. काही जण दिवसभर खुर्चीत बसून आखडलेले असतात, तर काही दिवसभर उभे राहून, वाकून, ओझी उचलून दमलेले. बँकेतला कारकून आणि मार्केट यार्डातला हमाल एकाच बाकावर बसतात आणि बहुतेक वेळा दोघांच्याही केसपेपरवर एकच सल्ला पडतो : आठ दिवस विश्रांती, नंतर रोज चालणे. हमाल मान डोलावतो, कागद खिशात घालतो आणि विसरून जातो. त्यात त्याचे काही चुकत नाही. तो तसाही रोज काही किलोमीटर चालतो, तेही पाठीवर पोते घेऊन.

व्यायाम करणारे कर्मचारी आजारपणाची रजा कमी घेतात का, या प्रश्नाचे ढोबळ उत्तर ‘हो’ असेच आहे. नेदरलँड्समधील नोकरदारांच्या अभ्यासात खेळ खेळणाऱ्यांच्या रजा कमी वेळा पडल्या आणि कमी दिवस चालल्या. अमेरिकेत सुमारे एक हजार प्रौढांवर बारा आठवडे लक्ष ठेवले, तेव्हा आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्यात गेलेले दिवस, जवळजवळ काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी भरले. खरी गुंतागुंत पुढे आहे. शरीराची हालचाल म्हणजे नेमके काय? घाम गाळण्याचे दोन मार्ग आहेत, एक हौसेचा आणि दुसरा पोटासाठीचा. शरीराला त्या दोन्हींचा हिशेब सारखा लागतो का?

बराच काळ वैद्यकशास्त्राने तो सारखाच मानला, आणि त्याला कारणही तसे भक्कम होते. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा ड्रायव्हर पाळीभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. बस तीच, मालक तोच, पगारातही फार अंतर नाही. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आणि उशिरा दिसला, आणि झालाच तरी तो कमी घातक होता. टपाल खात्यात पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तसाच फरक निघाला. मुंबईकरांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत. १९३७ पासून इथेही दुमजली बस धावल्या, आणि त्यांतल्या जुन्या डिझेल गाड्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेईपर्यंत कंडक्टर तोच जिना चढत-उतरत होते.

मॉरिस चिकित्सक वृत्तीचे होते. पुढे त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला. म्हणजे फरकाचा काही भाग कामामुळे नव्हे, तर कोणत्या अंगकाठीची माणसे कोणत्या कामाला लागतात यामुळेही असू शकतो. आरोग्याच्या आकडेवारीत ही शंका सतत जागी ठेवावी लागते.

पोस्टमन आणि कंडक्टर यांची मेहनत एका विशिष्ट जातीची होती. चालणे, चढणे, थोडे थांबणे, परत चालणे. हमाल, सफाई कामगार, बांधकामावरच्या बाया किंवा वॉर्डातल्या मावशी यांचे काम तसे नसते. तिथे ओझे पकडून धरावे लागते, पाठ वाकलेली राहते, हात खांद्याच्या वर जातात आणि दम खायची मुभा मुकादमाच्या हातात असते. स्नायू आवळून धरले की रक्तदाब चढतो. असे दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस चालले तर हृदयाला आणि सांध्यांना सावरायला वेळच उरत नाही. व्यायामात अर्धा तास नाडी वेगाने चालते आणि नंतरच्या विश्रांतीत शरीर स्वतःला बळकट करते. फायदा होतो तो या विश्रांतीतच. अंगमेहनतीच्या कामात नाडी फार वेगाने चालत नाही, म्हणून दम वाढत नाही. पण ती दिवसभर थोडी चढलेलीच राहते, म्हणून थकवा साठत जातो. त्यात उन्हाळा आणि पाणी कमी पिण्याची सवय यांची भर पडते. लघवीला जायची सोय नसल्याने अनेक कष्टकरी बायका मुद्दाम कमी पाणी पितात.

डेन्मार्कमध्ये आजारपणाच्या दीर्घ रजेची नोंद सरकारी दप्तरात होते. त्यामुळे कोण किती दिवस घरी बसले, हे लोकांच्या आठवणीवर सोडावे लागत नाही. आंद्रेआस होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती या नोंदींशी जोडली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. फावल्या वेळात अधिक हालचाल करणाऱ्यांना दीर्घ रजेवर जाण्याचा धोका कमी होता, तर कामावर अधिक अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त होता. २०२१ मध्ये कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत हृदयविकार आणि मृत्यू यांबाबतही असाच उलटसुलट कल आढळला. कष्टाची कामे करणारे गरीब असतात, तंबाखू जास्त खातात-ओढतात, हे खरे. पण तो हिशेब वजा करूनही फरक उरला. मात्र वाद मिटलेला नाही. त्याच वर्षी नॉर्वेतील मोठ्या अभ्यासात अंगमेहनत करणारे पुरुष बैठे काम करणाऱ्यांपेक्षा कमी जगतात असे दिसले नाही, उलट काही गटांत ते जास्तच जगले. कामगाराला रजा किती मिळते, यंत्रे किती आहेत, पाळी किती तासांची आहे, यावर बरेच ठरत असावे.

आणखी एक प्रयोग फारसा बोलला जात नाही. डेन्मार्कमध्ये ११६ सफाई कामगारांपैकी निम्म्यांना कामाच्या ठिकाणी चार महिने दम वाढवणारा व्यायाम दिला. तंदुरुस्ती सुधारली, पण चोवीस तासांच्या मोजणीत त्यांचा वरचा रक्तदाब थोडा वाढला. आधीच भरलेल्या गाडीवर आणखी एक पोते टाकण्यासारखे हे झाले. ‘कामावरून आल्यावर अर्धा तास धावा’ हा सल्ला कष्टकऱ्याला बिनधास्त देऊ नये, तो यासाठी.

मग त्याला द्यायचे काय? निदान विश्रांतीच्या नावाखाली अंथरूण तरी देऊ नये. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाठदुखीच्या प्रत्येक प्रमाणपत्राआधी आठवावा असा आहे. अचानक कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितले, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि काहींना एवढेच सांगितले की, सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट, आणि कामावरून गैरहजेरीचे दिवसही त्याचेच कमी भरले. आपल्याकडे ‘बेड रेस्ट’ हे दोन शब्द आजही हात आपोआप लिहितो. हलके काम द्यावे असे लिहिले, तर कार्यालय विचारते की हलके काम म्हणजे कोणते? त्यापेक्षा पूर्ण रजा लिहिणे सगळ्यांनाच सोपे पडते. मात्र पायातली ताकद कमी होणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर ही साधी पाठदुखी नव्हे. अशा रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बैठे काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. भारतात २०२२ मध्ये जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका वेग. या लोकांसाठी कंपन्या ‘वेलनेस’ कार्यक्रम काढतात, पावले मोजणारी घड्याळे वाटतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांपैकी कोणाला असा कार्यक्रम द्यायचा, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. भाग घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली, तेव्हा कार्यक्रम छान वाटला. ज्यांना तो देऊ केला त्यांची तुलना न दिलेल्यांशी केली, तेव्हा रजांमध्ये फरक उरला नाही. जे आधीपासून निरोगी आणि उत्साही होते, तेच पुढे आले होते. मनुष्यबळ विभागांनी घड्याळांची ऑर्डर देण्याआधी हे वाचलेले बरे.

त्याहून साधी गोष्ट डेन्मार्कच्याच तीन रुग्णालयांत करून पाहिली. १८ विभागांतील २०० महिला कर्मचाऱ्यांपैकी अर्ध्यांना कामाच्या ठिकाणी, ड्यूटीच्या वेळेतच, आठवड्यातून पाच वेळा दहा मिनिटे रबरी पट्ट्या आणि वजने घेऊन स्नायू बळकट करण्याचा व्यायाम दिला. बाकीच्यांना तसेच व्यायाम फावल्या वेळात घरी करायला सांगितले. दहा आठवड्यांनी कामावर व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले, आणि त्यांचा व्यायामही घरच्यांपेक्षा जास्त वेळा झाला होता. घरी गेल्यावर स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास यांतून दहा मिनिटे काढणे काय असते, हे कुठल्याही परिचारिकेला विचारावे.

आपल्याकडे हा हिशेब मांडताना हजेरीपटावर फार विसंबता येत नाही. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण रोजंदारीवरच्या आणि ठेकेदाराच्या माणसाला खाडा म्हणजे सरळ पैसे कट. तो ताप अंगावर काढतो, गुडघ्याला पट्टी बांधून येतो. त्याची गैरहजेरी कमी दिसते, आजार कमी नसतो. दीर्घ रजेचा आकडा त्याच्या बाबतीत नोकरी सुटल्यावरच दिसतो, आणि तेव्हा तो मोजायला कोणी नसते.

स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि रुग्णाला कुशीवर वळवणाऱ्या मावशी यांना रोज चालण्याचा सल्ला नको आहे. त्यांना वळवायला दुसरा हात, चाके नीट फिरणारे स्ट्रेचर, पाळीच्या मध्ये टेकायला एक खुर्ची आणि ड्यूटीतली ती दहा मिनिटे हवी आहेत. यातली खुर्ची तर उद्यासुद्धा ठेवता येईल.