दोर मजबूत, तरी निकामी का होतो?

परवा एक शेतकरी त्यांच्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. कबड्डीत पाय रोवून वळताना त्याचा गुडघा पिळवटला होता. आतून 'कट्' असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये गुडघ्याच्या मधोमध असणारा पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, पूर्ण तुटलेला दिसला. शहरातल्या सर्जनने मांडीच्या मागची शीर काढून तिथे बसवायची आणि नऊ महिने खेळ बंद, असे सांगितले.

वडिलांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोराची चांगली शीर कशाला काढायची? कंपनीचा दोर नाही का मिळत? तो जास्त टिकेल."

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. हाच विचार मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केला होता.

नडगीचे हाड पुढे घसरू न देणे हे या बंधाचे मुख्य काम. अमेरिकेत 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तरुण माणसाचा हा बंध तुटायला सुमारे 2,160 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 220 किलोंचा ताण लागला. गोअर-टेक्स या कृत्रिम बंधाची ताकद याच्या दुपटीहून अधिक होती. त्याला अमेरिकेत 1986 मध्ये परवानगी मिळाली. 1993 मध्ये तो बाजारातून काढून घ्यावा लागला.

का? आडावरचा दोर आठवा. तो घागरीच्या वजनाने तुटत नाही, कठड्यावर घासून झिजतो. गुडघा तर वर्षाला लाखो वेळा वाकतो आणि प्रत्येक वेळी धागा हाडातल्या बोगद्याच्या कडेवर घासतो. झिजलेले कण सांध्यात पडतात, आतले अस्तर सुजते, पाणी भरते. शिवाय बाजेची नवार सैल पडते तसा कृत्रिम बंध हळूहळू लांबतो आणि तो आपणहून आवळत नाही. निसर्गाच्या बंधात नागमोडी तंतू असतात. हलका ताण आला की ते आधी सरळ होतात, मग ताणतात. गुडघा वाकेल तसे वेगवेगळे तंतू भार घेतात. बारीकसारीक झीज भरून काढायला आत जिवंत पेशी असतात. कारखान्याच्या दोरात त्या कुठून येणार? नव्या घडणीचे पॉलिएस्टरचे बंध आजही काही ठिकाणी वापरतात, पण पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या शिरेलाच आहे.

मात्र त्या शिरेचीही एक गंमत आहे. बसवल्यावर तिच्यातल्या पेशी आधी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात. या उलथापालथीत, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते! नऊ महिन्यांआधी मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

हे मी जरा जास्तच आग्रहाने सांगतो, कारण अठरा वर्षांपूर्वी अशाच एका पोराला मी "मुरगळलाय" म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवले होते. तो महिन्याने पुन्हा खेळला, गुडघा पुन्हा निसटला आणि आतली गादीही फाटली. आज तो माझ्या दवाखान्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढतो. ती चूक माझी.

या मुलाचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तिसऱ्या महिन्यात मी त्याला मुद्दाम बोलावले आहे. तेव्हा तो "गुडघा एकदम बरा आहे, खेळू का?" असे विचारणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे.