अपघाताचा कागद

सिंदेवाहीहून मूलकडे आणि नागभीडकडे सडका जातात. मोटारी भरधाव धावतात. कुणाला धडक बसली तर आधी दवाखाना, मग लगेच पोलीस ठाणे गाठावे. तिथे आपली फिर्याद लिहून घेतात. आम्ही म्हणतो, नुसता अंगठा उठवू नका. आता वाचता येते ना? मग स्वतः वाचा! मोटारीचा नंबर, जागा, वेळ बरोबर असेल तरच सही करा. नक्कल तिथल्या तिथे मागा. ती फुकट मिळते, तसा कायदाच आहे. भरपाईच्या अर्जाला ती लागते, आणि तो अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो.

धडक देऊन मोटार पळाली, नंबरही दिसला नाही, तर? तरीही फिर्याद द्याच. २०२२ पासून अशा अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना २ लाख आणि जबर जखमीला ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याची चौकशी तहसील कचेरीत करावी.