फुटक्या खिडकीपासून कोरड्या टाकीपर्यंत

जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मार्च 1982 मध्ये एका अमेरिकी मासिकात 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धान्त मांडला. वस्तीतली फुटकी काच, कचरा, उघड्यावरचे मद्यपान यांकडे दुर्लक्ष झाले की रहिवासी धास्तावून रस्त्यापासून दूर राहू लागतात आणि त्या मोकळ्या जागेत गुन्हेगारी शिरते, असे त्या सिद्धान्ताचे सार होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1994 नंतर त्यातून किरकोळ गुन्ह्यांवरील धडक कारवाई तेवढी उचलली. पायी गस्त घालणाऱ्या शिपायाने रहिवाशांशी बोलून वस्तीचे नियम सांभाळावेत, हा मूळ लेखातला अधिक मोलाचा भाग मागे पडला. शिकागोतील वस्त्यांच्या पाहणीवरून सॅम्पसन व रॉडनबुश यांनी 1999 मध्ये दाखवले, की बकालपणा आणि गुन्हे या दोहोंचे मूळ बहुतांशी एकवटलेल्या दारिद्र्यात आणि शेजाऱ्यांच्या परस्परविश्वासाच्या अभावात असते.

त्या मागे पडलेल्या भागाशी महाराष्ट्रातील ज्या प्रयोगाचे सर्वाधिक साम्य आढळते, तो म्हणजे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. नांदेड-लातूरच्या गावांतही तंटामुक्ती समित्या स्थापन झाल्या आणि बांधाचे, वाटणीचे व कायद्याने तडजोडयोग्य ठरवलेले फौजदारी वाद ठाण्याच्या पायरीपर्यंत जाण्याआधी मिटवण्याचे काम त्यांच्याकडे आले. गावातील वजनदारांपुढे दुबळ्या पक्षाला कितपत न्याय मिळतो, ही शंका मात्र रास्तच होती. शहरांना या मोहिमेचा आधार नव्हता. 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, तो कायापालट प्रामुख्याने निधीच्या बळावर झाला.

लातुरात 2016 मध्ये निराळाच पेच उभा राहिला. मांजरा धरण आटले, पाण्यासाठी भांडणे होऊ लागली आणि मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी टाक्या व टँकर भरण्याच्या जागांभोवती कलम 144 खाली जमावबंदी लागू केली, म्हणजे पाचांहून अधिक लोकांनी तेथे एकत्र येणे गुन्हा ठरला. येथे डोळ्यांना दिसणारी अव्यवस्था म्हणजे घागरी घेऊन उभी असलेली गर्दी होती आणि तिचे कारण नळ कोरडे पडण्यात होते, जे पोलिसांच्या हाती नव्हते. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिलला सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. जमावबंदीची मूळ मुदत 31 मेपर्यंतची होती.