हप्ते चालू असताना गाडी बदलावी काय?

सन २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून मोटारींवरील जीएसटी कमी झाला. लहान पेट्रोल मोटारींवर पूर्वी २८ टक्के कर व वर १ टक्का उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. मालवाहू गाड्या व तीनचाकी रिक्षा यांचाही कर २८ वरून १८ टक्के झाला. तो दिवस नेमका घटस्थापनेचा होता आणि २ ऑक्टोबरला दसरा होता. हिंगोलीचा दसरा म्हणजे साऱ्या जिल्ह्याची जत्रा. त्यामुळे गाड्यांच्या स्वस्ताईची बातमी गावोगाव पोहोचायला वेळ लागला नाही.

तेव्हापासून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंमध्ये एक प्रश्न चर्चेत आहे. ज्यांनी २०२३-२४ च्या सुमारास कर्ज काढून गाडी घेतली आणि जे अजून हप्ते भरत आहेत, त्यांनी ती देऊन स्वस्त झालेली नवी गाडी घ्यावी काय? शोरूममधील माणूस सांगतो, "जुनी इथेच ठेवा, हप्ता तोच राहील." ऐकायला हे गोड वाटते. परंतु सही करण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडावा, असे आम्हास वाटते.

स्वस्ताई दोन्ही बाजूंनी लागते

समजा, कळमनुरीच्या एका कापड दुकानदाराने सप्टेंबर २०२३ मध्ये ७ लाखांची (शोरूमची किंमत) पेट्रोल मोटार घेतली. १ लाख पदरचे भरले, ६ लाख कर्ज काढले. व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता सुमारे १२,७५० रुपये बसतो. दोन वर्षांत २४ हप्त्यांचे ३ लाख ६ हजार रुपये भरून झाले. आता बाकी किती? पुष्कळांना वाटते, निम्मे कर्ज फिटले असेल. प्रत्यक्षात बाकी असते सुमारे ३ लाख ९५ हजार! कारण भरलेल्या रकमेतील १ लाखाहून अधिक व्याजात गेले व मुद्दल फक्त २ लाख ५ हजारांनी उतरले. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो तो असा.

आता गाडीच्या किमतीकडे पाहू. तीच नवी गाडी कर उतरल्यामुळे ७ लाखांऐवजी सुमारे ६ लाख ४० हजारांना मिळू लागली. ग्राहकाला ६० हजारांचा फायदा दिसतो. परंतु जुन्या गाडीचा भाव नव्याच्या भावावरूनच ठरतो. विम्याच्या कोष्टकात दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीची किंमत नव्या किमतीतून ३० टक्के वजा करून धरतात. या मापाने जुन्या गाडीची किंमत आधी ४ लाख ९० हजार आली असती. आता ती ४ लाख ४८ हजार येते. म्हणजे नव्या गाडीत जे ६० हजार वाचले, त्यातले ४२ हजार जुन्या गाडीतून गेले. कर्जाची बाकी मात्र एका रुपयानेही कमी झाली नाही. गाडीची किंमत खाली येते, कर्ज जागच्या जागी राहते. सारी मेख येथे आहे.

हातात काय उरते?

४ लाख ४८ हजारांतून ३ लाख ९५ हजारांची बाकी फेडली की ५३ हजार उरतात. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार ४ टक्के धरला, तर त्यातून आणखी १६ हजार जातात. राहिले ३७ हजार. बाजारात भाव याहून कमी आला तर तेही नाहीत.

नव्या गाडीचा खर्च केवळ ६ लाख ४० हजार नसतो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर व्यक्तीच्या नावे ११ टक्के एकरकमी रस्ता कर आहे. तो ७० हजार झाला. विमा व नोंदणीचे ४० हजार धरले तर गाडी साडेसात लाखांना पडते. पुन्हा ६ लाखांचे कर्ज घेतले तर दीड लाख रोख लागतील. जुन्या गाडीचे ३७ हजार वजा जाता १ लाख १३ हजार पदरचे घालावे लागतील.

"हप्ता तोच राहील" हे खरे आहे; पण महिने तेच राहत नाहीत. जुन्या कर्जाचे ३६ हप्ते उरले होते, नव्याचे ६० सुरू झाले. जादा २४ हप्ते म्हणजे ३ लाख ६ हजार रुपये. रोख रक्कम धरता ही अदलाबदल ४ लाख १९ हजारांना पडली. शिवाय ज्या व्याजातून सुटण्याची आपण वाट पाहत होतो, ते पहिल्या महिन्यापासून नव्याने चालू झाले. नवी गाडी दारात येते हे मान्य; पण तिची किंमत कोणती, हे आधी ठाऊक असावे.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. काही ठिकाणी व्याजाचा दर "फ्लॅट" सांगतात. ५ वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर सुमारे साडेबारा टक्के. दर विचारताना "घटत्या बाकीवर किती?" असेच विचारावे.

बदलणे केव्हा योग्य?

गाडी कधीच बदलू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्या गाडीवर धंदा चालतो, ती उभी राहिली की धंदा उभा राहतो. बाजार करणाऱ्या मनियार किंवा बागवान बंधूंची गाडी ऐन बाजाराच्या दिवशी वरचेवर बंद पडत असेल, तर बुडालेले दिवस व दुरुस्तीची बिले वर्षभर वहीत लिहावीत. ही बेरीज गाडी बदलण्याच्या खर्चाला भिडू लागली तर बदल शहाणपणाचा. क्लच, टायर, बॅटरी यांचा एकदाचा खर्च आला म्हणून घाबरून गाडी विकू नये. तीस-चाळीस हजारांत गाडी पुढची दोन वर्षे चालणार असेल तर तोच सौदा स्वस्त.

दुसरे कारण कामाचे. फर्निचरचे मिस्त्री घरच्या मोटारीच्या टपावर प्लाय बांधून नेत असतील, किंवा वसमत-हिंगोलीच्या हळद बाजारात ने-आण वाढली असेल, तर लोडिंग गाडीची गरज खरी आहे. जीएसटीमध्ये नोंदणी असलेल्या (कंपोझिशन योजनेत नसलेल्या) व्यापाऱ्यास मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर ते मिळत नाही. मात्र नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्याच्या वहीत घसारा लावलेली मोटार विकली, तर वहीतील किंमतीपेक्षा जितकी जास्त रक्कम येईल तितक्यावर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. सौदा ठरवण्यापूर्वी आपल्या हिशेबनिसास विचारावे.

तिसरी कसोटी साधी आहे. गाडीचा खरा बाजारभाव दोन-तीन ठिकाणी विचारावा व फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करण्याचा लेखी आकडा घ्यावा. भाव बाकीपेक्षा कमी असेल तर थांबावे. उरलेली तूट नव्या कर्जात मिसळून देण्याची तयारी कोणी दाखवली तर ती मदत समजू नये. जी गाडी आपल्याकडे राहिली नाही तिचे हप्ते त्यामुळे आपण भरत राहतो.

तोंडी सौदा नको

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. कर्ज न फेडता शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून गाडी दुसऱ्यास द्यायची व "पुढचे हप्ते तू भर" म्हणायचे, हा प्रकार सर्रास चालतो. बहुधा समोरचा मित्र असतो, नाही तर नात्यातला. म्हणून कागदाचा आग्रह धरवत नाही. परंतु आरसी बुकावर नाव आपले व बोजा फायनान्स कंपनीचा. त्याने हप्ते थकवले तर नोटीस आपल्याला येते आणि पुढे कोणतेही कर्ज मागताना सिबिलचा डाग आपल्या नावावर दिसतो.

अपघात झाला तर प्रकरण याहून गंभीर. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. तरी नोंद बदलली नव्हती म्हणून भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर आली. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आमच्या वाचकांस सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीतून परिचित आहे. लिहून ठेवणे म्हणजे भावावर अविश्वास नव्हे. दोघांचेही रक्षण आहे.

सरळ मार्ग असा. प्रथम कर्ज पूर्ण फेडून फायनान्स कंपनीकडून ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घ्यावा. त्याआधारे परिवहन कार्यालयात बोजा उतरवावा. एमएच-३८ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हिंगोलीचे कार्यालय आहे. त्यानंतर फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलावे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. गाडी शोरूमला दिली तरी नाव बदलल्याची खात्री स्वतः करावी. विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, पाच वर्षे दावा न केल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो पत्राने मागून नव्या गाडीवर लावून घ्यावा.

सारांश, गाडी स्वस्त झाली हे बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. कारण असावे ते कामाचे. गाडी धडधाकट असेल तर उरलेले हप्ते भरून टाकावेत. बोजा उतरल्यावर तीच हप्त्याची रक्कम वर्षभर बाजूला टाकावी. १२,७५० च्या हिशेबाने दीड लाखाहून अधिक जमतात. तेव्हा शोरूममध्ये जाणारा माणूस हप्ता विचारणार नाही, भाव विचारील. आणि भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची पत काय असते, हे आमच्या दुकानदार बंधूंना आम्ही सांगावयास नको.